आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात ‘दहशतवादी कृत्या’ची व्याख्या कोणत्या कायद्यातून घ्यावी?

पंचवटीकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी नाशिकमधील एका महाविद्यालयाच्या कार्यालयात काम करतो. २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी भाविकांना काही काळ थोपवून धरण्यासाठी आमचे मैदान वापरले जाण्याची शक्यता आहे. त्यामुळे महाविद्यालयाचा जुना आपत्ती व्यवस्थापन आराखडा नव्याने लिहिण्याचे काम पाच जणांच्या समितीकडे आले असून, मसुदा तयार करण्याची जबाबदारी माझ्यावर आहे. जुन्या आराखड्यात आग, भूकंप आणि पूर एवढीच प्रकरणे होती. पुराचे पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत चढले यावर आपले गाव पुराचा अंदाज बांधत आले आहे, म्हणून पुराचे प्रकरण तेवढे नीट उतरले होते. बाकीचा मजकूर कोठून तरी जसाच्या तसा घेतलेला दिसतो.

या वेळी ‘दहशतवादी हल्ला’ असे स्वतंत्र प्रकरण घालायचे ठरले आणि पहिल्याच वाक्यावर समिती अडली. आमच्या विधी विभागातील प्राध्यापकांचे म्हणणे असे की, व्याख्या कायद्यातूनच घेतली पाहिजे आणि तशी ती यूएपीए, म्हणजे बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंध अधिनियम, १९६७ याच्या कलम १५ मध्ये तयार आहे. राष्ट्रीय सेवा योजनेचे आमचे कार्यक्रम अधिकारी म्हणतात की, मैदानावर मोठा आवाज झाल्यावर दारावरच्या रखवालदाराने ते कलम कसे लावायचे? प्राचार्यांनी दोघांचेही ऐकून घेतले आणि ‘राज्याचा कायदा काय म्हणतो ते बघा’ असे सांगून बैठक संपवली.

मी शोध घेतला तेव्हा अमेरिकेतील काही राज्यांच्या आणीबाणी व्यवस्थापनाच्या कायद्यांतच दहशतवादाचा उल्लेख असल्याचे वाचनात आले. महाराष्ट्राच्या कायद्यात अशी व्याख्या आहे का? असल्यास कोठे, आणि नसल्यास आमच्यासारख्या संस्थेने कोणता आधार घ्यावा? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

वकील, नाशिक रोड

पंचवटीकर, आपल्या प्राचार्यांच्या प्रश्नाचे थेट उत्तर असे की, आपत्ती व्यवस्थापनाच्या प्रयोजनासाठी दहशतवादाची व्याख्या करणारी तरतूद महाराष्ट्राच्या कायद्यात आपल्याला मिळणार नाही. गुजरातने २००३ साली, बिहारने २००४ साली आणि उत्तर प्रदेशाने २००५ साली आपत्ती व्यवस्थापनाचे स्वतःचे कायदे केले. आपल्याकडे केंद्राचा आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ हाच चालतो. ‘मकोका’ हा १९९९ चा कायदा राज्याचा असला, तरी तो संघटित गुन्हेगारीचा आहे. बंडाळीला उत्तेजन देण्याचा उल्लेख त्याच्या व्याख्येत येतो, मात्र दहशतवादी कृत्य म्हणजे काय हे तो सांगत नाही. राज्याच्या कायद्यात दहशतवादी कृत्याची व्याख्या पाहायचीच असेल, तर सापुतारा ओलांडून गुजरातेत जावे लागेल. तेथील दहशतवाद व संघटित गुन्हेगारी नियंत्रणाचा २०१५ चा कायदा राष्ट्रपतींच्या संमतीनंतर १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला, पण तोही फौजदारी कायदाच आहे.

आता २००५ च्या अधिनियमाकडे वळू. त्याच्या कलम २ मधील ‘आपत्ती’ची व्याख्या लक्षपूर्वक वाचावी. कोणत्याही क्षेत्रात नैसर्गिक किंवा मानवनिर्मित कारणांनी, अथवा अपघाताने वा हलगर्जीपणाने उद्भवलेले असे अरिष्ट, की ज्यामुळे मोठी जीवितहानी किंवा मानवी यातना, मालमत्तेचे नुकसान अथवा पर्यावरणाची हानी होते, आणि ज्याचे स्वरूप किंवा व्याप्ती बाधित क्षेत्रातील समाजाच्या तोंड देण्याच्या क्षमतेपलीकडची असते, असा तिचा आशय आहे. या संपूर्ण वाक्यात ‘कोणी केले’ आणि ‘कोणत्या हेतूने केले’ हे कोठेही विचारलेले नाही. परिणाम किती मोठा आणि तो पेलण्याची ताकद किती, एवढ्या दोनच गोष्टी हा कायदा मोजतो. मार्च २०२० मध्ये याच कायद्याखाली देशभर टाळेबंदीचे आदेश निघाले, ते या व्याख्येच्या रुंदीमुळेच शक्य झाले.

यूएपीएचे कलम १५ याच्या अगदी उलट दिशेने चालते. भारताची एकता, अखंडता, सुरक्षितता, आर्थिक सुरक्षितता किंवा सार्वभौमत्व धोक्यात आणण्याच्या, अथवा लोकांमध्ये दहशत बसवण्याच्या हेतूने, किंवा तसे होण्याचा संभव असेल अशा रीतीने, बॉम्ब, स्फोटके, ज्वालाग्राही पदार्थ, बंदुका, विषारी वायू, जैविक वा किरणोत्सारी पदार्थ ‘किंवा अन्य कोणत्याही साधनाने’ केलेले कृत्य, अशी त्यातील व्याख्येची बांधणी आहे. २०१२ च्या दुरुस्तीने उच्च प्रतीच्या बनावट भारतीय चलनी नोटांची निर्मिती, तस्करी किंवा प्रसार करून आर्थिक स्थैर्याला धक्का लावणेही त्यात आले. नोटांचा छापखाना ज्या गावात आहे तेथील वाचकांना ही तरतूद मुद्दाम सांगतो, कारण तिच्यावरून या व्याख्येचा हेतू उघड होतो. बनावट नोटांच्या गठ्ठ्यासाठी कोणी मैदान रिकामे करत नाही आणि रुग्णवाहिकाही बोलावत नाही. ही व्याख्या शिक्षेसाठी आहे, सुटकेसाठी नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११३ मध्ये १ जुलै २०२४ पासून जवळपास तीच व्याख्या आली आहे. गुन्हा त्या कलमाखाली नोंदवायचा की यूएपीएखाली, हे पोलीस अधीक्षकापेक्षा कमी दर्जाचा नसलेला अधिकारी ठरवतो; आयुक्तालय असलेल्या नाशिक शहरात ते काम त्या दर्जाच्या उपायुक्तांकडे येईल.

आपल्या प्राध्यापक मित्रांच्या सूचनेवर माझा मुख्य आक्षेप असा आहे. यूएपीएची व्याख्या एकटी उभी नसते, तिच्याभोवती कुंपण असते. खटला चालवण्यासाठी शासनाची पूर्वमंजुरी लागते, आणि ती देण्यापूर्वी स्वतंत्र प्राधिकाऱ्याने पुराव्याची छाननी केलेली असावी लागते. राष्ट्रीय तपास संस्थेच्या २००८ च्या कायद्यानुसार, राज्याकडून अहवाल आल्यावर हा गुन्हा त्या संस्थेने तपासण्याजोगा आहे की नाही हे ठरवायला केंद्र सरकारलाही पंधरा दिवसांची मुदत आहे. जो प्रश्न सोडवायला शासन पंधरा दिवस घेऊ शकते, तो आपण रखवालदाराला पहिल्या पंधरा मिनिटांत सोडवायला सांगणार आहोत का? व्याख्या उचलून आराखड्यात घातली की ती येते, कुंपण मात्र जागच्या जागी राहते.

याचे उदाहरण शोधायला जिल्ह्याबाहेर जाण्याची गरज नाही. मालेगावात २९ सप्टेंबर २००८ रोजी स्फोट झाला आणि सहा जणांचा मृत्यू झाला. विशेष न्यायालयाचा निकाल ३१ जुलै २०२५ रोजी लागला. स्फोट झाला हे न्यायालयाने मान्य केले. सातही आरोपींविरुद्धचे आरोप सिद्ध झाले नाहीत म्हणून त्यांची निर्दोष मुक्तता केली. आणि मंजुरीच्या आदेशांतील त्रुटींमुळे यूएपीएच्या तरतुदी या खटल्याला लागू होत नाहीत, असेही म्हटले. त्या निकालाबद्दल प्रत्येकाचे मत असू शकते, तो येथील विषय नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की, कायद्याच्या अर्थाने ‘दहशतवादी कृत्य’ हा शब्द लावता येतो की नाही हे कळायला जवळजवळ सतरा वर्षे लागली. भिकू चौकातील जखमींना मात्र त्याच रात्री रक्त हवे होते.

म्हणून माझा सल्ला असा की, व्याख्या २००५ च्या अधिनियमातील ‘आपत्ती’चीच घ्यावी.

निफाडचा वाचक

वकीलसाहेबांचे विवेचन पटले. फक्त एक गाठ सुटायची राहिली आहे असे वाटते. २०२५ साली आपत्ती व्यवस्थापन अधिनियमात दुरुस्ती झाली आणि ती त्याच वर्षी ९ एप्रिलपासून लागू झाली. तिच्यात ‘आपत्ती’च्या व्याख्येला एक स्पष्टीकरण जोडले असून, ‘मानवनिर्मित कारणे’ या शब्दांत कायदा व सुव्यवस्थेशी संबंधित बाब किंवा परिस्थिती येत नाही, असे त्यात सांगितले आहे. मग बॉम्बस्फोट हा कायदा व सुव्यवस्थेचा विषय मानला तर तो ‘आपत्ती’ राहतो का?

वकील, नाशिक रोड

आपण नेमक्या जागी बोट ठेवले आहे. माझे वाचन असे आहे की, सर्वोच्च न्यायालयाने १९६५ सालच्या राममनोहर लोहिया विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणापासून कायदा व सुव्यवस्था, सार्वजनिक सुव्यवस्था आणि राज्याची सुरक्षितता या तीन कल्पना वेगळ्या मानल्या आहेत. २०२५ च्या स्पष्टीकरणात तिन्हींपैकी फक्त पहिलीच वगळली आहे. दहशतवादी हल्ला तिसरीत बसतो, तेव्हा तो वगळला गेला असे म्हणता येत नाही.

निफाडचा वाचक

क्षमा असावी, पण त्याच निकालात तीन वर्तुळे एकात एक आहेत असे म्हटलेले आहे. सर्वांत मोठे वर्तुळ कायदा व सुव्यवस्थेचे, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचे आणि अगदी आतले राज्याच्या सुरक्षिततेचे. आतल्या वर्तुळावरचा बिंदू बाहेरच्या वर्तुळातही असतोच. त्या न्यायाने राज्याच्या सुरक्षिततेला बाधा आणणारे प्रत्येक कृत्य कायदा व सुव्यवस्थेची बाब ठरते आणि मोठे वर्तुळ वगळले की आतली दोन्ही त्याच्याबरोबर जातात.

वकील, नाशिक रोड

मान्य. असा युक्तिवाद करता येतो आणि समोरच्या वकिलाने तो केला, तर मला माझे वाक्य सौम्य करावे लागेल. तरीही दोन गोष्टी त्याच्या विरुद्ध जातात. एक म्हणजे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २००९ साली काढलेली रासायनिक दहशतवादाच्या आपत्तीविषयीची मार्गदर्शक तत्त्वे. दुसरी गोष्ट त्याहून जुनी आहे. १९९९ साली केंद्राने नेमलेल्या उच्चाधिकार समितीने एकतीस आपत्तींची पाच गटांत विभागणी केली, तेव्हा मालिका बॉम्बस्फोटांना अपघाती आपत्तींच्या गटात घातले होते. त्याच गटात उत्सवांतील दुर्घटनाही आहेत. २७ ऑगस्ट २००३ रोजी आपल्या पर्वणीत झालेली चेंगराचेंगरी आणि एखादा बॉम्बस्फोट या समितीच्या दृष्टीने शेजारी शेजारी बसतात. मला हे वर्गीकरण आजही शहाणपणाचे वाटते.

व्यवहारात आपण असे करावे की, आराखड्याचा आधार एकाच कायद्यावर ठेवू नये. पंचवटीकर, प्रस्तावनेतच लिहावे की स्फोट, आग, इमारत कोसळणे, विषारी वायू किंवा चेंगराचेंगरी यांचे परिणाम हाताळताना आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाखालील सूचना पाळल्या जातील, आणि जमावबंदी, प्रवेशबंदी, तपास यांबाबत भारतीय नागरिक सुरक्षा संहिता व महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखालील पोलिसांचे आदेश पाळले जातील. मग वर्तुळांचा वाद न्यायालयात कसाही सुटला, तरी आपले मैदान अधांतरी राहणार नाही.

गोदाकाठ

अमेरिकेतील राज्यांचा उल्लेख आला म्हणून लिहितो. माझा लोकप्रशासनाचा अभ्यास आहे आणि तौलनिक वाचनाची सवय आहे. पंचवटीकरांचा समज अर्धा बरोबर आहे. तेथील काही राज्यांच्या आणीबाणी व्यवस्थापन कायद्यांत दहशतवादाचा उल्लेख जरूर आहे, पण तो बहुधा ‘आपत्ती’च्या यादीतील एक नाव म्हणून येतो. इलिनॉय राज्याच्या कायद्यात नैसर्गिक, तांत्रिक किंवा मानवी कारणाने झालेली अथवा होऊ घातलेली व्यापक हानी म्हणजे आपत्ती असे म्हटले आहे. त्यापुढे ‘यांसह, परंतु एवढ्यापुरतेच मर्यादित नाही’ अशी जोड देऊन आग, पूर, भूकंप यांपासून शत्रूची लष्करी कारवाई, सायबर घटना आणि देशांतर्गत दहशतवादी कृत्ये यांपर्यंत यादी दिलेली आहे. टेक्सास राज्याच्या तशाच यादीत दहशतवाद हा शब्दच नाही. लष्करी वा निमलष्करी स्वरूपाची वैरी कारवाई, सायबर सुरक्षेची घटना आणि तातडीची कृती आवश्यक करणारे ‘अन्य सार्वजनिक अरिष्ट’ अशा शब्दांत ते भागवले आहे. शब्द असो वा नसो, दोन्ही राज्यांच्या राज्यपालांना स्फोटानंतर आपत्ती जाहीर करता येते.

आता या जाहीर करण्याचा परिणाम पाहा. आमच्याकडे ‘राज्यपाल’ म्हटले की वेगळे चित्र उभे राहते, म्हणून सांगतो की तेथील राज्यपाल लोकांनी निवडून दिलेला राज्याचा कारभारी असतो. इलिनॉयमध्ये त्याच्या घोषणेने तीस दिवसांपर्यंतचे विशेष अधिकार मिळतात. सामग्री ताब्यात घेणे, वाहतूक वळवणे, लोकांना हलवणे, नियम शिथिल करणे यांसाठी ते असतात. त्या कायद्यातील व्याख्येचे काम हे अधिकार उघडण्याचे आहे. गुन्हेगाराला शिक्षा देण्यासाठी दहशतवादाची वेगळी व्याख्या फौजदारी कायद्यात असते आणि तिथे हेतू सिद्ध करावा लागतो. संघराज्याच्या फौजदारी कायद्यात नागरी लोकसंख्येला धाक घालणे, धाकाने वा जबरदस्तीने शासनाच्या धोरणावर प्रभाव टाकणे, किंवा सामूहिक संहार, हत्या वा अपहरणाद्वारे शासनाच्या कारभारावर परिणाम करणे, असे हेतूचे तीन प्रकार सांगितले आहेत.

यात एक अपवाद मला उद्बोधक वाटतो. २००१ च्या अखेरीस तेथे सार्वजनिक आरोग्याच्या आणीबाणीसंबंधी एक नमुना कायदा तयार झाला आणि अनेक राज्यांनी त्यातील तरतुदी उचलल्या. त्यात जैविक दहशतवादाची व्याख्या आहे, कारण रोगाची साथ आपोआप आली की कोणी मुद्दाम पसरवली, यावर लस, नमुने आणि विलगीकरण यांचे निर्णय बदलतात. म्हणजे हेतूची व्याख्या आपत्तीच्या कायद्यात तेव्हाच शिरते, जेव्हा हेतू कळल्याने मदतीची पद्धत बदलणार असते.

ब्रिटनने २००४ च्या कायद्यात तिसरा मार्ग घेतला आहे. मानवी कल्याणाला किंवा पर्यावरणाला गंभीर हानीचा धोका असलेली घटना म्हणजे आणीबाणी, असे सांगून ‘देशाच्या सुरक्षिततेला गंभीर हानीचा धोका निर्माण करणारे युद्ध किंवा दहशतवाद’ हे वेगळे कलम जोडले आहे, आणि दहशतवाद म्हणजे काय यासाठी २००० सालच्या दहशतवादविषयक कायद्याकडे बोट दाखवले आहे. तेथे स्फोट आधीच मानवी कल्याणाच्या कलमात बसतो. म्हणजे कोणीही व्याख्येच्या दारात ताटकळत नाही. आपल्या २०२५ च्या स्पष्टीकरणाने मात्र परिणाम पाहून आत घेणारा हा दरवाजा अर्धवट लोटला आहे, ही माझी तक्रार आहे.

निवृत्त फायरमन

मंडळी, मी कायद्याचा माणूस नाही. एका महापालिकेच्या अग्निशमन दलात तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालो आहे. वरची चर्चा दोनदा वाचली आणि समाधान वाटले, कारण आम्ही जे अनुभवाने शिकलो ते आपण कलमांतून काढले आहे.

पहिल्या दहा मिनिटांत स्फोट सिलिंडरचा आहे की बॉम्बचा, हे बंबावरच्या माणसाला कळत नाही. मध्य प्रदेशातील पेटलावदला १२ सप्टेंबर २०१५ रोजी स्फोट झाला, तेव्हा सुरुवातीला उपाहारगृहातील सिलिंडर फुटल्याचे सांगितले जात होते. पुढे शेजारच्या जागेत बेकायदेशीर साठवलेली खाणकामाची स्फोटके उडाल्याचे निष्पन्न झाले. तो दहशतवादी हल्ला नव्हता. तरीही बघ्यांची गर्दी जवळ जाऊ देणे तेथे जितके घातक ठरले, तितकेच ते बॉम्बच्या ठिकाणी ठरते. दुसऱ्या स्फोटाची शक्यता धरून चालणे हा नियम कारण कोणतेही असो, बदलत नाही.

माझ्या नोकरीत एकदा गर्दीच्या जागी बेवारस पिशवी सापडल्याची वर्दी आली होती. आम्ही पोहोचलो तर संस्थेचे तीन जबाबदार लोक पिशवीपासून दहा पावलांवर उभे राहून हा विषय पोलिसांचा की आमचा यावर बोलत होते. त्यांच्या हातात कागद होता आणि त्यावर ‘दहशतवादी स्वरूपाची वस्तू आढळल्यास’ असे लिहिले होते. वस्तूचे स्वरूप दहशतवादी आहे की नाही हे कोणी सांगेना, म्हणून जागा रिकामी करण्याचा आदेशही कोणी देईना. पिशवीत डबा आणि ओले कपडे निघाले, ही त्या दिवसाची कृपा. त्या कागदावर नुसते ‘बेवारस वस्तू आढळल्यास’ असते, तर काम झाले असते.

तेव्हा पंचवटीकर साहेब, व्याख्येत डोळ्यांना दिसते, कानाला ऐकू येते आणि नाकाला कळते तेवढेच लिहा. मोठा आवाज व धूर; गोळीबारासारखा आवाज; एकाच वेळी अनेकांना डोळ्यांची चुरचूर, खोकला किंवा चक्कर; बेवारस पिशवी, डबा किंवा वाहन; धमकीचा फोन अथवा संदेश; गर्दी अचानक एका दिशेने पळू लागणे. यांतील एक जरी दिसले तरी आराखडा सुरू झाला असे समजावे. वायूचा संशय असेल तर वाऱ्याच्या उलट बाजूला, म्हणजे वारा ज्या दिशेने येतो त्या दिशेला आणि उंचावर लोकांना न्यावे. बॉम्ब शोधक व नाशक पथक येईपर्यंत वस्तूला हात लावू नये, तिच्याजवळ मोबाईल किंवा वॉकीटॉकी वापरू नये.

एका ठिकाणी मात्र हेतूच्या संशयाने आमचे कामही बदलते, ते नमूद करतो. घातपात असू शकेल असे वाटले, तर जीव वाचवण्यापुरतेच सामान हलवायचे, पाणी गरजेपुरतेच मारायचे आणि विझल्यावर राखेत फावडे घालायचे नाही, कारण तोच पंचनाम्याचा पुरावा असतो. मुंबईत २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात गोळीबार चालू असताना अग्निशमन जवानांनी शिड्या लावून हॉटेलातील माणसे उतरवली होती. तेथे पोलीस आणि अग्निशमन दल यांनी एकाच वेळी एकाच इमारतीत काम केले. म्हणून आदेश कोणाचा चालेल, हे आधी लिहून ठेवलेले असावे.

मालेगावहून

वकीलसाहेबांनी आमच्या गावाचा उल्लेख केला म्हणून थोडेसे. व्याख्या नंतरही लागते, हे विसरू नये. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून मदत मिळण्यासाठी जी अधिसूचित यादी आहे, तिच्यात चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, आग, पूर, त्सुनामी, गारपीट, दरड कोसळणे, हिमस्खलन, ढगफुटी, किडींचा प्रादुर्भाव, थंडीची लाट असे प्रकार आहेत. दहशतवादी हल्ला त्यात नाही. हल्ल्यातील नागरी बळींसाठी केंद्राची २००८ पासूनची वेगळी योजना आहे. तिच्यातील मदतीची रक्कम तीन लाखांवरून २०१६ साली पाच लाख रुपये करण्यात आली. म्हणजे घटनेला काय नाव मिळाले यावर कुटुंबाचा अर्ज कोणत्या टेबलावर जातो हे ठरते. म्हणून संस्थेने व्याख्या टाळली तरी नोंदी टाळू नयेत. कोण जखमी झाले, कोठे उभे होते, कोणत्या रुग्णालयात कोणत्या वाहनाने नेले, हे त्या दिवशीच लिहून ठेवले नाही तर नंतर त्या नोंदीसाठी वारसांना वर्षानुवर्षे कार्यालयांचे उंबरे झिजवावे लागतात.

पंचवटीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल सायंकाळी समितीची बैठक झाली. विधी विभागाच्या प्राध्यापकांनी ही चर्चा वाचून आपला आग्रह सोडला. मात्र, ‘दहशतवाद हा शब्द मुळीच नसेल, तर आराखडा तपासणाऱ्या कार्यालयाला प्रकरण राहून गेले असे वाटेल’ हा त्यांचा मुद्दाही आम्हाला रास्त वाटला. म्हणून मसुदा असा केला आहे:

‘या प्रकरणाच्या प्रयोजनासाठी, स्फोट, गोळीबार, विषारी वायू किंवा पदार्थाचा संशय, बेवारस वस्तू अथवा वाहन, धमकीचा संदेश, किंवा अशा कारणाने झालेली चेंगराचेंगरी यांपैकी कोणतीही घटना, मग तिच्यामागे दहशतवादी हेतू, अन्य गुन्हा, अपघात अथवा हलगर्जीपणा असो, “गंभीर घटना” समजली जाईल. घटना दहशतवादी कृत्य आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार केवळ सक्षम पोलीस प्राधिकाऱ्यास राहील आणि त्या निर्णयाची वाट न पाहता संस्थेने पुढील कार्यवाही करावी. संस्थेचा कोणताही कर्मचारी संशयित दहशतवाद्याविषयीची माहिती पोलिसांखेरीज कोणासही देणार नाही.’

त्यानंतर ११२, १०८ आणि १०१ हे क्रमांक, फाटके उघडण्याचा क्रम, जबाबदार व्यक्तींची पदे आणि मालेगावच्या मित्रांनी सुचवलेला नोंदींचा तक्ता येईल. मसुद्यात काही खटकत असल्यास कृपया सांगावे.

वकील, नाशिक रोड

मसुदा चांगला उतरला आहे. दोन बदल सुचवतो. ‘सक्षम पोलीस प्राधिकाऱ्यास’ याऐवजी ‘सक्षम प्राधिकाऱ्यास व न्यायालयास’ असे करावे, कारण पोलीस गुन्हा कोणत्या कलमाखाली नोंदवायचा ते ठरवतात, कृत्य दहशतवादी होते की नाही हे ठरवत नाहीत. आणि शेवटच्या वाक्यातील ‘संशयित दहशतवाद्याविषयीची’ हे शब्द काढून ‘घटनेशी संबंधित कोणत्याही व्यक्तीविषयीची’ असे लिहावे. पहिल्या दोन वाक्यांत आपण कोणावर शिक्का मारण्याचे काम संस्थेकडून काढून घेतले आहे आणि तिसऱ्या वाक्यात नकळत ते परत दिले आहे. याशिवाय, २०२५ च्या दुरुस्तीने महापालिका असलेल्या शहरांसाठी आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची तरतूद केली असून जिल्हाधिकारी त्याचे उपाध्यक्ष असतात. म्हणून आराखड्याची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाबरोबर महापालिकेलाही द्यावी.

निवृत्त फायरमन

मसुद्यात ‘फाटके उघडण्याचा क्रम’ लिहिला आहे, पण किल्ल्या कोणाकडे असतात ते लिहिलेले नाही. तेवढे घाला; आणि मागच्या फाटकाची रुंदी मोजून बंब आत येतो का ते बघा.